खिशातील चाकू आणि ग्राहकाचा नकार : सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

ग्राहक एखादी वस्तू का घेतो, याचा विचार वाणिज्य, अर्थशास्त्र व मानसशास्त्र या तिन्ही विद्याशाखांत विपुल झालेला आहे. तो ती हातात घेऊन, उलटसुलट पाहून परत का ठेवतो, याचा विचार मात्र त्या मानाने कमी आढळतो. वास्तविक खेड्यापाड्यांतील आठवडे बाजारात घेण्यापेक्षा परत ठेवण्याचेच प्रसंग अधिक असतात. प्रस्तुत लेखात खिशात बाळगण्याच्या घडीच्या चाकूसारख्या एका अत्यंत सामान्य वस्तूच्या आधारे या नकाराचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केलेला आहे.

चाकूची निवड करण्यामागे एक कारण आहे. ही वस्तू स्वस्त असते, तिची परीक्षा ग्राहक स्वतःच्या बोटांनी करतो आणि तिच्यातील दोषाची किंमतही पुष्कळदा बोटांनीच मोजावी लागते. सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे कृष्णाखोऱ्यातील असून १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन ‘दक्षिण सातारा’ हा जो जिल्हा निर्माण झाला, त्यालाच १९६० पासून ‘सांगली’ हे नाव मिळाले. त्यामुळे शेतीची अवजारे, ती घडविणारे कारागीर आणि ती घेणारा शेतकरी यांचा विचार या दोन जिल्ह्यांपुरता एकत्र करणे अनुचित ठरणार नाही.

नकाराचा एक जुना दाखला

या भूभागातील ग्राहकाच्या नकाराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण लोखंडी नांगराचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगाव येथे १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा तो घेण्यास शेतकरी पुढे आला नाही. लोखंडाच्या स्पर्शाने जमीन विषारी होते, अशी समजूत त्या काळी दृढ होती. पहिले नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. पुढे औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यातूनही लोखंडी नांगर बाहेर पडू लागले आणि ज्या अवजाराला कोणी हात लावीत नव्हते, त्यासाठी दोन कारखान्यांत स्पर्धा सुरू झाली.

ही हकिगत बहुधा शेतकऱ्याच्या अडाणीपणाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. ते तितकेसे न्याय्य नाही. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो बलुत्यावर दुरुस्त करून देत असे. ओतीव लोखंडाचा भाग तडकला, तर तो सांधणारा माणूस गावात नव्हता. लोखंडी नांगर वजनाने जड, त्यास बैल अधिक लागत आणि बिघाड झाल्यास ऐन हंगामात काम अडे. ‘जमीन विषारी होते’ या वाक्यामागे ही सगळी व्यवहारी भीती दडलेली होती, असे मानण्यास पुष्कळ जागा आहे. ग्राहक नकाराचे जे कारण बोलून दाखवितो ते आणि जे त्याच्या मनात असते ते, ही दोन्ही एकच असतील असे नाही. चाकूच्या बाबतीतही हा फरक लक्षात ठेवावा लागतो. ‘रंग बरा नाही’ असे म्हणून चाकू खाली ठेवणाऱ्याचा आक्षेप रंगावर असतोच असे नाही.

वगळण्याची रीत

अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये निवडीसंबंधी एक सिद्धांत मांडला. माणूस सर्व पर्यायांच्या सर्व गुणांची बेरीज-वजाबाकी करीत बसत नाही. तो एकेक गुणविशेष हाती घेतो आणि ज्या पर्यायांत तो नसेल ते वगळत जातो. शेवटी उरेल ते घेतो. हे विवेचन पाश्चात्त्य प्रयोगशाळेतील असले तरी चाकूच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला ते तंतोतंत लागू पडते. तो प्रथम चाकू उघडतो. पाते नखाने निघाले नाही तर तो चाकू बाजूला. निघाले, तर ते डावीकडे-उजवीकडे हलवून पाहतो. लटपटले तर बाजूला. मग अंगठा धारेवर आडवा फिरवितो. किमतीचा प्रश्न येतो तो या सर्वांनंतर.

या रीतीचा एक परिणाम असा की, वगळण्याच्या पहिल्या पायरीवर जो दोष सापडतो, तो पुढील दहा गुणांना झाकून टाकतो. उत्तम पोलादाचा पण घट्ट बसलेला चाकू पोलादाची परीक्षा होण्यापूर्वीच बाद होतो. विक्रेत्यांना हे ठाऊक असते. म्हणूनच दुकानात ठेवलेल्या चाकूंच्या सांध्यात तेलाचा थेंब सोडलेला असतो.

पाते आणि धार

खिशातील चाकूचा ग्राहक या दोन जिल्ह्यांत एकाच प्रकारचा नाही. तासगाव, मिरज, पलूस, कवठे महांकाळ या भागांतील द्राक्षबागाईतदाराला सुतळी कापणे, ठिबकची नळी तोडणे, खताच्या पोत्याची शिवण उसवणे यासाठी चाकू लागतो. माण-खटावकडील मेंढपाळाला तो वेगळ्या कामासाठी हवा असतो. फलटणकडील डाळिंबवाल्याची गरज आणखी निराळी. छाटणीचे मुख्य काम कात्रीने होते. एप्रिलमधील खरडछाटणी असो की ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी, चाकू तेथे दुय्यमच असतो. परंतु कलम बांधणाऱ्या कारागिराचे मात्र चाकूवाचून पान हलत नाही.

कलमाचे उदाहरण येथे थोडे विस्ताराने पाहणे उपयुक्त होईल. क्षारयुक्त जमीन व पाण्याचा तुटवडा यांमुळे द्राक्षाची लागवड ‘डॉगरिज’सारख्या खुंटरोपावर करण्याची पद्धत रूढ झाली आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात या खुंटावर पाचर कलम केले जाते. खुंटाला मधोमध चीर देऊन तीत दोन्ही बाजूंनी तासलेली काडी बसवितात. सालीच्या लगत आतील बाजूस वाढणाऱ्या पेशींचा जो पातळ थर असतो, तो खुंटात व काडीत एकमेकांना चिकटला तरच कलम जीव धरते. त्यासाठी काडीवरील काप सपाट हवा. पात्याला दोन्ही बाजूंनी उतार असेल तर काप किंचित खोलगट होतो आणि मध्ये पोकळी राहते. म्हणून कलमाच्या चाकूला एकाच बाजूने धार असते व दुसरी बाजू सपाट ठेवलेली असते. दिसायला देखणा, दोन्ही बाजूंनी चकचकीत घासलेला चाकू जाणता कलमकार परत ठेवतो, त्याचे कारण हे आहे. हा चाकू वाईट नसतो. त्या कामाला नकोसा असतो, इतकेच. डावखुऱ्या कारागिराला तर उजव्या हाताचा कलमचाकूही निरुपयोगी ठरतो आणि डाव्या हाताचा चाकू आपल्याकडच्या दुकानात क्वचितच मिळतो.

पोलादाविषयीचा आक्षेप दोन टोकांचा आहे. साधे कार्बन पोलाद घरच्या दगडावर झटकन धार धरते, पण ओलसर हाताने, फळांच्या आंबट रसाने काळे पडते आणि गंजते. गंज न चढणाऱ्या पोलादाचा शोध हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये शेफील्ड येथे लावला. अशा पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असते. चाकूंसाठी ते बहुधा १३ टक्क्यांच्या आसपास ठेवतात. ते चमकते, टिकते. परंतु स्वस्त चाकूंत कार्बनचे प्रमाण कमी ठेवलेले असल्याने धार मुडपते आणि ग्राहकाला वाटते की स्टेनलेस पोलाद मुळातच वाईट. वस्तुतः दोष जातीचा नसून प्रमाणाचा व उष्णताप्रक्रियेचा असतो. जुन्या पिढीतील शेतकरी फार चमकणारे पाते पाहून साशंक होतो. या संशयामागे अनुभव आहे, कारण हलक्या लोखंडावर चढविलेला मुलामाही असाच चमकतो.

पात्यावरील करवतीसारखे दातेही अनेकांना नकोसे वाटतात. दोर कापताना त्यांचा उपयोग होतो हे खरे. परंतु दाते बोथट झाले की घरच्या दगडावर त्यांना धार लावता येत नाही. ज्या वस्तूची देखभाल आपल्या हाती नाही ती ग्राहक टाळतो, ही गोष्ट नांगराच्या उदाहरणातही दिसून आलेली आहे.

उघडमीट

घडीच्या चाकूचा खरा कस सांध्यात असतो. साध्या रचनेत पात्याच्या बुडाशी दाब देणारी एक पट्टीवजा स्प्रिंग असते. ती फार ताठ असली तर नख तुटते. औषध फवारून आलेल्या ओल्या हातांना पाते निघत नाही. ती ढिली असली तर काम करताना पाते बोटांवर मिटते. नकार देणाऱ्यांपैकी पुष्कळांनी आयुष्यात एकदा तरी असा चाकू बोटावर मिटवून घेतलेला असतो आणि त्यानंतर तो मनुष्य केवळ पाते अडकून राहण्याची सोय आहे की नाही, एवढेच प्रथम पाहतो.

फ्रान्समधील सॅव्हॉय प्रांतात १८९० च्या सुमारास जोसेफ ओपिनेल यांनी शेतकऱ्यांसाठी एक साधा लाकडी मुठीचा चाकू तयार केला. त्याच्या मुठीवर फिरणारे धातूचे कडे बसवून पाते अडकविण्याची युक्ती मात्र १९५५ मध्ये आली. म्हणजे इतक्या प्रसिद्ध चाकूलाही पाते बोटावर मिटण्याच्या दोषावर उपाय सापडण्यास साठाहून अधिक वर्षे लागली. कृष्णाखोऱ्यातील काळी माती, बेदाण्याच्या शेडमधील चिकट रस, ऊसाचा चोथा यांनी सांधा भरून येतो हे ध्यानात घेता, पाते अडकविण्याची यंत्रणा जितकी नाजूक तितकी ती येथे लवकर बंद पडते. कडे, पट्टी, साधी खाच यांसारखी उघडी व धुता येणारी रचना या मातीत टिकते.

एकाच मुठीत बारा-पंधरा अवजारे असलेला चाकू भेट म्हणून दिला-घेतला जातो, बाजारात शेतकरी तो क्वचित घेतो. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सेनर यांनी १८९१ मध्ये सैनिकांसाठी चाकू पुरविले. त्यात पात्याबरोबर डबा उघडण्याचे व स्क्रू फिरविण्याचे साधन होते, कारण सैनिकाला शिधा उघडावा लागे व बंदुकीचे स्क्रू सोडावे लागत. प्रत्येक अवजारामागे एक काम होते. काम नसलेले अवजार मुठीची जाडी तेवढी वाढविते.

मूठ, खिसा आणि करदोटा

मुठीसंबंधीचे आक्षेप बहुधा बोलून दाखविले जात नाहीत, कारण ते हाताला कळतात, शब्दांत चटकन मांडता येत नाहीत. चार बोटे पुरी न बसणारी आखूड मूठ, तळव्याला टोचणारा खिळा, घामाने निसटणारा गुळगुळीत मुलामा, उन्हात ठेवल्यावर तडकणारे प्लॅस्टिक हे त्यांपैकी काही. रंगाचा आक्षेप वरवर हौसेचा वाटतो. पण हिरव्या-तपकिरी मुठीचा चाकू द्राक्षवेलीखालच्या पालापाचोळ्यात पडला की सापडत नाही. लाल वा पिवळ्या मुठीकडे जाणाऱ्या हाताला हे ठाऊक असते.

आधुनिक चाकूंना पँटच्या खिशाच्या काठाला अडकविण्यासाठी चिमटा असतो. जो मनुष्य धोतर किंवा पायजमा वापरतो त्याला हा चिमटा निरर्थक. उलट तो बंडीच्या खिशात अडकून कापड फाडतो. ग्रामीण पुरुष किल्लीसारखी छोटी वस्तू करदोट्याला बांधीत आलेला आहे, आणि अडकित्ता चंचीत ठेवीत आलेला आहे. या रीतीशी जुळण्यासाठी मुठीच्या टोकाला दोरी ओवण्याचे एक भोक पुरते. ते नसले तर चाकू पाहून झाल्यावर तो परत ठेवला जातो आणि विक्रेत्याला कारण समजत नाही. परदेशी नमुन्याची नक्कल करताना चिमटा आवर्जून केला जातो, भोक मात्र राहून जाते, हे आपल्याकडील उत्पादनाचे एक लहानसे पण बोलके वैगुण्य म्हणावे लागेल.

कायद्याची व लोकांची भीती

काही चाकू उत्तम असूनही ग्राहक घेत नाही, कारण ते जवळ बाळगण्याची त्याला धास्ती वाटते. या धास्तीचा काही भाग निराधार आहे, काही नाही. शस्त्र अधिनियम १९५९ अन्वये केलेल्या १९६२ च्या नियमांत ९ इंचांहून लांब अथवा २ इंचांहून रुंद पात्यांची धारदार हत्यारे शस्त्र म्हणून गणली गेली. घरगुती, शेतीविषयक, शास्त्रीय व औद्योगिक उपयोगासाठी बनविलेली साधने त्यातून वगळण्यात आली. खिशातील चाकूचे पाते सामान्यतः ३ ते ४ इंचांचे असते. या मोजमापाने पाहता त्याविषयी भिण्याचे कारण नाही. परंतु महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या (पूर्वीचा मुंबई पोलीस अधिनियम, १९५१) कलम ३७ खाली सणवार, निवडणुका, आंदोलने अशा काळात जे मनाई आदेश निघतात, त्यांत सुरी, काठी व इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू बाळगण्यास बंदी घालता येते. तेथे पात्याची लांबी विचारात येत नाही. बाजाराहून परतताना एस.टी. स्थानकावर झडती होईल काय, ही शंका म्हणूनच सर्वस्वी पोकळ नाही.

याहून प्रभावी आहे ती लोकांच्या नजरेची भीती. उत्तर प्रदेशातील रामपूर येथील खटक्याचा चाकू हिंदी चित्रपटांनी घराघरांत पोचविला. खटका दाबताच ‘खट्’ असा आवाज करून उघडणारे पाते म्हणजे गुंड, हे समीकरण इतके पक्के झाले की, एका हाताने उघडणारा कोणताही चाकू आज संशयास्पद ठरतो. वास्तविक एका हाताने उघडण्याची सोय शेतकऱ्याला मोठी उपयोगाची आहे. दुसऱ्या हातात फांदी असते, दोर असतो, कधी जनावराचा कासरा असतो. तरीही वडीलधारी मंडळी मुलाच्या हाती असा चाकू पाहून नापसंती दर्शवितात. काळे पाते, फार अणकुचीदार टोक, पात्याच्या पाठीवरचे निरर्थक खाचेदार काम यांनाही हाच आक्षेप लागू होतो. येथे नकार अवजाराला नसून त्याच्या वेषाला असतो.

स्थानिक लोहाराचा चाकू

या विवेचनात खरा प्रश्न आहे तो येथील लोहाराचा व घिसाड्याचा. मोटारीच्या जुन्या कमानपाट्याचे पोलाद तो वापरतो. त्यात कार्बन सुमारे ०.५ ते ०.६ टक्के असतो व ते चिवट असते. कोयता, विळा, खुरपे यांसाठी असे पोलाद अत्यंत योग्य. भात्याच्या विस्तवावर लाल करून, पाणी देऊन, मग पुन्हा बेताने तापवून गवती पिवळा रंग दिसताच काढलेले पाते कारखान्यातील स्वस्त पात्यापेक्षा पुष्कळदा सरस असते. तरीही त्याचा चाकू ग्राहक परत ठेवतो. कारणे वर आलेलीच आहेत: मुठीचा खिळा वर राहिलेला, पाते मधोमध न मिटता मुठीच्या एका अंगाला घासणारे, एका चाकूसारखा दुसरा नसणे. घडीच्या चाकूत केसाएवढ्या अंतराला महत्त्व असते आणि ते केवळ हातोडा व कानस यांनी साधणे कठीण आहे. म्हणून बहुतेक लोहार घडीचा चाकू करीतच नाहीत, सरळ मुठीची सुरी करतात. आणि सुरी खिशात मावत नाही.

मागणी सरली की कारागिरी कोठे जाते, याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. मिरजेची जगप्रसिद्ध तंतुवाद्ये घडविणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांचे काम उतरणीला लागल्यावर फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी सतार व तंबोरा घडविण्यास आरंभ केला. मिरजेच्या सतार व तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु प्रत्येक धंद्याला असे दुसरे दार उघडे सापडत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत लोहार तसेच हातोडी व अवजारे बनविणारे यांचा अठरा व्यवसायांत समावेश आहे; प्रशिक्षण, साधनांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत ३ लाख रुपयांपर्यंत कर्ज अशी तरतूद आहे. या साहाय्यातून भोक पाडण्याचे यंत्र व घासण्याचे चाक आले, तर वर सांगितलेले निम्मे आक्षेप दूर होऊ शकतील. पोलाद बदलण्याची त्यासाठी गरजही नाही.

एका बाबतीत मात्र लोहाराची बाजू आजही वरचढ आहे. पोलादाची प्रत डोळ्यांना दिसत नाही. कानस फिरविल्यास कडक धारेवरून ती घसरते आणि मऊ धारेत रुतते, परंतु कोणताही दुकानदार विकाऊ चाकूवर कानस फिरवू देणार नाही. ग्राहक फार तर कागद कापून पाहतो आणि त्याने धार कळते, पोलाद कळत नाही. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, वस्तूची खरी प्रत विक्रेत्यालाच ठाऊक असते तेव्हा ग्राहक चांगल्या मालालाही वाईट मालाचीच किंमत देऊ करतो आणि चांगला माल बाजारातून उठतो. वेष्टनात येणाऱ्या निनावी चाकूंच्या बाबतीत नेमके हेच घडत आहे. खिळ्याने जोडलेला चाकू लोहार हातोडीच्या दोन घावांत घट्ट करून देतो. चांदणीच्या आकाराच्या स्क्रूने जोडलेला चाकू उघडण्याचे साधन तालुक्याच्या गावीही सहजी सापडत नाही. विटा, तासगाव किंवा कराडच्या बाजारात जो लोहार पाल टाकून बसतो, त्याच्याकडून घेतलेल्या पात्याची धार आठ दिवसांत मुडपली तर ग्राहक ते घेऊन त्याच्याकडेच जातो आणि तो ते पुन्हा विस्तवात घालून देतो.